तिथले पाच

"पात्रु म्हंजे चार. चिंच म्हंजे पाच. शासे म्हंजे सहा."

मेथीच्या जुड्या बांधता बांधता पंचफुला पुटपुटत होती. जुड्या कुणी मागितल्या नव्हत्या. बाजारात तीन दिवसांत घरातलं कुणी गेलंही नव्हतं. पण हात रिकामे राहिले की ते कपाळाकडे जात.

तिची मुलगी आचल मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. त्यात एक गोरी बाई पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे फिरवायची आणि किती वाजले ते रोमानियाच्या भाषेत हसत हसत सांगायची. पंचफुलाला त्या हसण्याचा संताप येत होता. वाजले किती यात दात काढण्यासारखं काय आहे?

तिचा मुलगा निकेश तिकडेच बांधकामावर होता आणि गुरुवारी चौथ्या मजल्यावरून पडला होता. दवाखान्यातल्या नर्सला स्वतःची सोडून दुसरी भाषा येत नव्हती. काल ती फोनवर काहीतरी बोलली आणि तिने फोन ठेवला. ती फोन करायची वेळ सांगत होती, हे निकेशच्या सोबत्याने कळवलं तेव्हा ती वेळ टळून गेली होती. नर्स फोन घेऊन त्याच्या उशाशी थांबली आणि इकडून फोन गेलाच नाही. आज पाचला ती पुन्हा थांबणार होती. सहाला निकेशला ऑपरेशनला नेणार होते, आणि पुढचं काही सांगता येत नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. लेकाचा आवाज ऐकायचा तर आजच्या पाचला, एवढंच पंचफुलाच्या हातात उरलं होतं.

"तिथले पाच म्हंजे आपले साडेसात," भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलेले मनोहरराव म्हणाले. हे ते दुपारपासून बायकोला सांगत होते. उन्हाळ्यात जाताना निकेशनेच बापाला हिशेब शिकवला होता, की आपल्या वेळेतून अडीच तास काढायचे. मनोहररावांनी तो देवाच्या शब्दासारखा धरून ठेवला होता.

साडेसात वाजले. आचलने नंबर लावला. फोन पंचफुलाने हिसकून घेतला.

"निकेश," ती म्हणाली. "निकेशची माय."

पलीकडून नर्स भराभर काही बोलली. मग थांबली आणि लहान पोराला सांगावं तसं हळू म्हणाली, "ओरा पात्रु."

"चिंच," पंचफुला म्हणाली. "चिंच वाजले, बाई."

"नू. पात्रु." मग "ला ओरा चिंच" असं म्हणून नर्सने फोन ठेवला.

पंचफुलाने फोन आचलकडे दिला. "चार वाजले म्हन्ते थे. पाचले कर म्हन्ते."

"चार कसे? अडीच काढ नं. पाच होतात." मनोहररावांनी बोटांवर मोजून दाखवलं. "तुले बराबर ऐकू नाई आलं."

"पात्रुच म्हनली. दोनदा म्हनली."

"मंग थे चुकली."

"दवाखान्यातली बाई घड्याळात चुकन?" पंचफुलाचा आवाज चिरकला. "खोटं बोलून राह्यली थे. काऊन बोलून राह्यली, सांगू?"

ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. मनोहरराव उठले. खुर्चीवर चढून त्यांनी घड्याळ खाली काढलं, कानाला लावलं, हलवून पाहिलं. मग शेजारच्या डोमाजीच्या घरी जाऊन त्याचंही घड्याळ बघून आले. तिथेही तेच वाजले होते. ते येऊन दारातच उभे राहिले. आत यायचं त्यांना धाडस होईना.

पंचफुलाने पुन्हा फोन लावायला सांगितला. कुणी उचलला नाही. बांधलेली एक जुडी तिने सोडली आणि पुन्हा बांधली.

"बाबा," मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली आचल म्हणाली, "तिथं चारच वाजले. त्यायनं काल राती घड्याळं एक तास मागं केली. हिवाळा आला का दरसाल करतात म्हने."

"कोनी केली? दवाखान्यानं?"

"साऱ्या देशानं."

"साऱ्या देशानं? आन कोनी काई म्हनलं नाई?"

"नाई."

मनोहरराव उंबऱ्यावरच बसले. "म्हंजे आनखी एक तास हाय आपल्यापाशी," ते म्हणाले आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागले. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच रडत होते. आचलने उठून त्यांना पाणी दिलं.

पंचफुला मात्र रडली नाही. ती विचारात पडली होती.

"आचल, एक तास मागं नेला त्यायनं?"

"हो, माय."

"म्हंजे होऊन गेलता थो तास पुन्हा आला?"

"तसंच म्हना लागन."

"आन साऱ्यायनं मानलं."

"मानलं."

पंचफुलाने मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि ती लेकीच्या अगदी जवळ सरकून बसली.

"निकेश गुरवारी सकायी चढला नं वर," ती म्हणाली. "त्यायच्यात 'गुरवार' आन 'मागं न्या' याले काय म्हन्तात थे काढ. पाच वाजेलोक पाठ होते माह्यं."