किरण अंगात राहत नाहीत

वत्सलानं खोलीची कडी बाहेरून सरकवली आणि उंबऱ्यावर दर्भाची काडी ठेवली.

"अगो, हे काय? ग्रहण लागलंय का मला?" सेतुराम आतून ओरडले.

"हळू बोला, अर्धं कुंभकोणम् घरात आहे. ग्रहणात गरोदर बाईला किरण लागू नयेत म्हणून तिला आत बसवतो ना? आज किरण तुमच्या अंगात आहेत. तेव्हा तुम्ही आत बसा."

आता या बाईपुढे कुणी डोकं फोडायचं! सेतुरामांच्या पाठीवर तीन तांबडे चट्टे उठले होते. कातडीचा लिंफोमा, म्हणजे कॅन्सरच, निघाला. परवा आणि काल, असे दोनच दिवस, तंजावरला बसनं जाऊन अगदी थोड्या मात्रेचे किरण घेतले. डॉक्टर हसून म्हणाले होते, "मशीन बंद झालं की किरण संपले. अंगात काही राहत नाही. खुशाल लेकीजवळ बसा." वत्सलानं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन दर्भ काढला.

बाहेर मधुमिताच्या हातात बांगड्या भरणं चाललं होतं. सातवा महिना. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोनदा पोट राहून गेलं, तेव्हा कुठं हा दिवस आला. बांगड्या भरल्या की पहिला नमस्कार बापाला. आणि बाप इथं कोंडलेला! सेतुरामांना रडूच यायला लागलं.

"वत्सले, डॉक्टरांची चिठ्ठी वाच! खिडकीतून देतो, वाच तरी!" त्यांनी दारावर थापा मारल्या. बायका आणखी मोठ्यानं गायला लागल्या. चिंचेच्या भाताचा वास आत आला. त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

तासाभरानं कडी निघाली. दारात मधुमिता, दोन्ही हात कोपरापर्यंत काचेनं भरलेले, एका हातात अक्षतांची वाटी.

"आई येतेय मागून ओरडत. येऊ द्या. मी डॉक्टरांना काल रात्रीच फोन करून पुसलंय अप्पा, काही होत नाही." तिनं वाटी त्यांच्या हातात दिली. पदर सावरला आणि पोट सांभाळत हळूहळू वाकली.

सेतुरामांनी चिमूटभर अक्षता घेतल्या. हात तिच्या डोक्याकडे नेला. तिथंच थबकला. ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. पाठ भिंतीला टेकली.

"अप्पा?" मधुमिता वाकलेलीच होती.

"पुढं येऊ नको, कण्णा, बाळा," ते म्हणाले. "डॉक्टरांना आणखी एकदा पुसून घेतो."