पायांवरचं न्हाणं

निम्म्या गल्लीला मी माझ्या पायांवर न्हाऊ घातलंय. आज नातीचं बाळ मात्र सुनेच्या पायांवर, आणि मी न्हाणीच्या दारात खुर्चीवर.

खुब्यात बसवलेला धातूचा सांधा दोन वर्षांत झिजला, त्याचा कीस रक्तात उतरला. डॉक्टरांनी तो काढून दुसरा घातला, पण जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं.

"अगं, मान धर! तांब्या घासतेस का?"

"मग तुम्हीच या ना, आत्याबाई!" सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

एरवी सोडलं नसतं तिला. आज मी खुर्चीत मागे टेकून बसले.

धुरी देऊन तिनं बाळ गुपचूप माझ्या मांडीवर ठेवलं. कानामागे थेंबभर पाणी राहिलं होतं. ते मी पदरानं टिपलं. माझ्या वाट्याला तेवढंच न्हाणं आलं.