शिंका थांबल्या की

खोकल्यावर मिरी, हे तुम्ही लिहिलंत. सर्दीला मिरी, पचनाला मिरी, भुकेला मिरी. मिरीच्या गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर, हातभर अक्षरांत. दर वर्षी तुमच्या आरोग्यखात्याचा माणूस येतो, रंग ताजा करून जातो. भिंतीच्या आत काय चाललंय ते बघायला मात्र त्याला कधी दार सापडलं नाही.

बाई शेगडीपाशी उभी आहे. पातेल्यात पाणी उकळतंय, पाण्यात ठेचलेली मिरी. आतल्या खोलीत नवरा उशीला टेकून बसलाय. आडवं झालं की त्याचा श्वास अडकतो. अर्धं आयुष्य त्याने त्या गिरणीत मिरी दळली. तुमच्या भिंतीवर विश्वास ठेवून ती त्याला रोज हे पाणी पाजते.

आज तिचा कान जिन्याकडे आहे. नवऱ्याच्या जागी मुलगी कामाला लागून आठवडा झालाय. ती घरी येते ती शिंकतच, तळमजल्यापासून वरपर्यंत. शेजारीण दारातूनच म्हणते, "वहिनी, आली बघा तुमची तोफ. चहा टाका."

सकाळपर्यंत बाईला त्या शिंकांची कीव यायची.

सकाळी ती नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं आणि हिला विचारलं, "कामावर शिंका यायच्या का त्यांना?"

"सुरुवातीला यायच्या," बाई कौतुकाने म्हणाली. "आठवड्यात थांबल्या. शिंका थांबल्याशिवाय आत यंत्रापाशी घेतच नाहीत कुणाला. मुकादम म्हणाला, गडी पक्का झाला. यांनी तर सगळ्यांना चहा पाजला होता."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"शिंका थांबल्या, धूळ थांबली नव्हती. नाक थकलं, आणि तेव्हापासून ती सरळ छातीत जात राहिली."

मुलगी तोवर कामावर गेली होती. बाई गिरणीच्या फाटकापर्यंत धावत जाऊन आली. पाळी सुटेपर्यंत आत निरोप जात नाही, म्हणाले. नवऱ्याला एकटं टाकून थांबताही येईना. परत येऊन तिने त्याला काही सांगितलं नाही.

खाली दार वाजलं. पावलं चढू लागली. उकळीचा आवाज आड येऊ नये म्हणून बाईने शेगडी बंद केली. पहिला मजला. काही नाही. एक तरी, ती मनात म्हणाली, एक तरी येऊ दे.

शेजारणीचं दार उघडलं. "काय गं, आज तोफ थंड?"

मुलगी हसत घरात आली. केसांवर, भुवयांवर करडी पूड.

"आई, आज दिवसभर एकही नाही. मुकादम म्हणाला, बापाच्या वर निघालीस. उद्यापासून आत, यंत्रापाशी."

बाईने खलातली पूड चिमटीत घेतली आणि मुलीच्या नाकाखाली धरली.

"हुंग."

"हे काय आता?"

"हुंग म्हणते ना."

मुलीने छाती भरून श्वास घेतला. बाई तिच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली. ही जन्मली तेव्हा पहिलं रडू फुटायला वेळ लागला होता, तेव्हा ती अशीच बघत होती.

"बघ," मुलगी म्हणाली. "काहीच नाही."

आतून नवऱ्याचा खोकला सुरू झाला. खोकता खोकताच तो म्हणाला, "शाब्बास पोरी."

मिरीचे एवढे गुण तुम्हाला ठाऊक. गेलेली शिंक परत कशी आणायची, ते कुठल्या भिंतीवर लिहिलंय? बोला.