हिरवी पट्टी

जेवणाच्या सुट्टीत नलिनीने डब्यातली गुळपोळी पुढे केली, तशी सिस्टर हेमांगीने मान फिरवली. "नको गं, बरं वाटेल मला."

मनगटावरची पट्टी आत्ता कुठे पिवळी झाली होती. मनाला उभारी आली की ती हिरवी व्हायची, आणि हिरवी दिसली की हॉस्पिटलची यंत्रणा आणखी पेशंट गळ्यात मारायची. काल नलिनीच्या विनोदावर हेमांगी पोट धरून हसली, आणि लगेच भाजलेल्या पेशंटांचा अख्खा वॉर्ड तिच्याकडे आला.

संध्याकाळी घरी तिची लेक जुई धावत आली आणि हातभर अंतरावर थांबली.

"आई, उद्या ड्युटी आहे ना? मग मिठी नको."

"नको," हेमांगी म्हणाली.

जुई निमूट आत गेली. पट्टी लाल झाली. उद्या काम हलकं असणार होतं.