धुराची कड

धुराची खालची कड अजून दिव्यांच्या ओळीच्या वर होती. बोगद्याच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ दिसत होती. वर काळं, खाली स्वच्छ. शिफ्टच्या प्रमुख बाईंनी तिच्यावरची नजर हलवली नाही.

"नाना, बटणाला हात लावायचा नाही."

"अहो बाई, पंखे धुरासाठीच बसवलेत ना? की शोभेला?" नाना त्या खोलीतले सगळ्यांत जुने ऑपरेटर. त्यांचं बोट बटणावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं.

"धूर गरम आहे तोवर छताला धरून राहतो. दुधावर साय धरते तसा. पंखे लावले की सगळं ढवळलं जाईल. आणि खाली माणसं आहेत."

बोगद्याच्या मधोमध गाद्यांनी भरलेला ट्रक पेटला होता. त्याचा ड्रायव्हर अलीकडच्या तोंडातून पळत बाहेर आला होता, आणि अग्निशमन दलाच्या गाड्या त्याच तोंडाशी खोळंबल्या होत्या. पंख्यांनी धूर पलीकडे ढकलल्याशिवाय त्यांना आत शिरता येत नव्हतं. पण पलीकडे, जळत्या ट्रकच्या समोर, उलट दिशेनं आलेली एक मिनीबस आणि काही गाड्या अडकल्या होत्या. त्यांच्या मागच्या गाड्या वळून निघून गेल्या. यांना वळायला जागाच नव्हती.

आणि उतरायला कुणी तयार नव्हतं. बोगद्यातल्या लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज पुन्हा पुन्हा विनंती करत होता, कृपया वाहनातून उतरून हिरव्या दाराकडे जावे. लोक काचा वर करून बसले होते. एक जण काचेला मोबाइल लावून शूटिंग करत होता.

बाईंनी तो गोड आवाज बंद केला आणि माइक ओढला.

"मिनीबसवाले दादा! हो, तुम्हीच, निळा शर्ट. मला दिसताय तुम्ही. दार उघडा, सगळ्यांना खाली उतरवा. उजव्या हाताला हिरवं दार आहे, त्याच्या आत हवा स्वच्छ आहे. सामान राहू दे. आणि ते शूटिंगवाले, छान आलंय तुमचं, आता पाय उचला!"

निळा शर्ट दचकून छताकडे बघायला लागला. मग मिनीबसचं दार उघडलं.

वॉकीटॉकी खरखरला. अग्निशमन दलाचे प्रमुख होते. "मॅडम, पंखे तुम्ही लावताय, की मी येऊन लावू?"

"माणसं उतरतायत. थांबा."

"उद्या पंख्यांच्या तारा वितळल्यावर लावाल. मग मी काय आत जाऊन फुंकर मारू?"

"ट्रकच्या डोक्यावरचा पंखा गेलाय. बाकीचे शाबूत आहेत. थांबा म्हटलं ना."

पडद्यावर माणसं वाकून पळत होती. एकानं कुणाला तरी पाठुंगळी घेतलं होतं. हिरव्या दाराशी थोडी रेटारेटी झाली, मग दार लागलं. रस्त्यावर नुसत्या गाड्या उरल्या. तोवर धुराची कड दिव्यांना टेकली होती आणि दिवे पिवळे पडत चालले होते.

"झालं," नाना म्हणाले. "लावू?"

"ती शेवटची पांढरी गाडी बघा. वायपर चालू आहेत."

"बाहेर भुरभुर होती, तेव्हाचे राहिले असतील."

"असतील. पण काचा काळ्या आहेत. आत कुणी आहे का, दिसत नाही."

बाईंनी हिरव्या दारामागच्या फोनवर रिंग दिली. बराच वेळ तो नुसता वाजत राहिला. शेवटी कुणीतरी धापा टाकत उचलला.

"हॅलो? आम्ही सगळे आत आलोय हो. पोरं रडतायत जरा, पण बरं आहे इथं."

"शाब्बास, ताई. आता मोठ्यांदा विचारा, पांढरी गाडी कुणाची?"

तिनं ओरडून विचारलेलं इकडे ऐकू आलं. दोनदा.

"कुणीच बोलत नाही हो."

पॅनेलवर आणखी एका पंख्याचा दिवा विझला. वॉकीटॉकीवर पुन्हा "मॅडम!" झालं. बाईंनी त्याचा आवाज बारीक केला.

"बाई, आत कुणी नसलंच तर..." नानांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"आणि असलं तर?"

नानांनी बोट बटणापासून मागे घेतलं.

"ताई, फोनचं लाल बटण दाबा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." मग बाई एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "पांढरी गाडी ज्यांची आहे त्यांना कुणी रागावणार नाही. दंड नाही, तक्रार नाही. गाडीत कुणी राहिलंय का, एवढंच सांगा मला."

मग लांबून एका म्हाताऱ्या माणसाचा अपराधी आवाज आला.

"माझी आहे. चालूच राहिली हो घाईत, चावीपण आतच. म्हटलं, आता आग माझ्यामुळंच वाढली म्हणून सगळे माझ्या नावानं शंख करतील."

"काका, अशा वेळी चावी आतच ठेवायची असते. गाडीत कोण आहे?"

"कुणी नाही. ही इथंच आहे, मला चिमटे काढतेय. मागच्या सीटवर तिचं शिलाई मशीन आहे फक्त."

"नक्की ना?"

"अहो, माणूस विसरेन का मी?" आणि मागून एका बाईचा आवाज, "विसरलात तरी मी विसरू देणार नाही!"

नानांच्या तोंडून हसू निसटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला.

"ताई, ते दार आता कुणालाही उघडू देऊ नका."

मग त्यांनी वॉकीटॉकीचा आवाज वाढवला आणि नानांना, अग्निशमनच्या प्रमुखांना, दोघांनाही एकदमच ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"पलीकडे कुणी नाही. लावा पंखे."