मामांचे आठशे मीटर

चुन्याच्या रेघेवर पाय ठेवून कुलदीपनं मोबाईल पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. ॲप सांगत होतं, आठशे चाळीस मीटर. रेघ मात्र बरोबर आठशेवर होती, कारण ती शालिग्राममामांनी मारली होती.

मामांच्या मोजणीवर शंका घेणारा माणूस मोताळ्यात अजून जन्माला यायचा होता. त्यांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली. शेताच्या धुऱ्या-बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊ मामांची खूण पाहून मुकाट घरी जात.

"आभाळातून मोजनाऱ्याले जमिनीवरचं काय समजते?" मामा टेप गुंडाळत म्हणाले. "तुहे पाय रेघीवर हायेत ना? मंग आठशे."

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी कुलदीपनं मोठ्या हौसेनं धावण्याचं ॲप बनवलं, आणि पहिला बळी घरातलाच गेला. गेल्या वर्षी त्याची धाकटी बहीण मनाली ॲपवर आठशे मीटर दोन पंचेचाळीसमध्ये मारायची. बुलढाण्याच्या मैदानावर, भरतीच्या चाचणीत, तिला तीन मिनिटं लागली. कालव्याकाठच्या झाडांखाली सिग्नल डळमळायचा, नकाशावरचा ठिपका डावीउजवीकडे उड्या मारायचा, आणि ॲप त्या उड्याही अंतरात धरायचं. पोरगी धावायची साडेसातशे, शाबासकी मिळायची आठशेची.

यंदा तिची शेवटची संधी होती. पुढच्या भरतीत वय बसणार नव्हतं. दोन पन्नासच्या आत आली तर पूर्ण गुण, आणि पूर्ण गुण असतील तरच वर्दीची आशा.

म्हणून कुलदीप महिनाभर हात धुऊन ॲपच्या मागे लागला होता. सिग्नल स्थिर झाल्याशिवाय मोजायचं नाही. माणसाला जमणार नाहीत अशा उड्या फेकून द्यायच्या. सगळं करून झालं, तरी चाळीस मीटर जास्तच! दहा वेळा चालून पाहिलं, दहाही वेळा तेवढेच. शेवटी त्यानं हात टेकले. मामा चुकणं शक्यच नव्हतं. मग त्यानं ॲपलाच कात्री लावली. आठशे चाळीस भरले की आठशे म्हणायचं. सुधारलेलं ॲप तालुक्यातल्या तीस पोरींच्या मोबाईलवर गेलं.

मनाली दोन महिने जिवाच्या आकांतानं धावली. मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी दोन छप्पनवर अडकली आणि कालव्याच्या कठड्यावर बसून रडायला लागली.

"सहा सेकंद राह्यले, दादा. मी नाही जात. पुन्हा तोंड पाडून नाही यायचं मले."

कुलदीपला तिच्याकडे पाहवेना. मामा तेवढे शांत होते.

"जाय बाई तू," ते म्हणाले. "माह्यासाठी जाय."

ती गेली. पायाला वेळ टिपणारी चिप बांधून धावली. फलकावर वेळ उमटली, दोन सत्तेचाळीस. मनालीनं तिथंच मातीत बसकण मारली आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. कुंपणाबाहेर कुलदीप लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे फोन आले. कोणी ॲपवरच्या वेळेपेक्षा आठ सेकंद पुढं, कोणी नऊ. एकोणतीसही पोरी पुढं, सगळीकडे आनंदीआनंद, पण कुलदीपच्या मनात पाल चुकचुकली. देव एखाद्याला पावतो, तीस जणांना एकाच मापानं पावत नाही. ॲप पुन्हा चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो टेप घेऊन कालव्यावर पोचला. मामा फिरायला आलेच होते.

"काऊन बे, काय मोजून राह्यला?"

"मामा, रागावू नका. तुमची रेघ..."

"मोजू नको. चाळीस जास्त हायेत."

कुलदीपच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

"मागच्या साली मैदानावर पोरगी भेदरलेली पाह्यली मी," मामा म्हणाले. "सरकी टोबताना आपन एका जागी दोन दाने टाकतोच ना, एक नाही उगवला तं दुसरा म्हनून? तसे चाळीस मीटर टाकले. चौतीस वर्षांत बोटभर इकडचं तिकडं नाही केलं म्या. एवढं एकच केलं, भाचीसाठी."

"मंग मले तरी सांगायचं!"

"तुले सांगतलं असतं तं तिले समजलं असतं."

कुलदीप हिशेब लावत उभा राहिला. महिनाभराची मेहनत, दहा फेऱ्या, ॲपला लावलेली कात्री.

"म्हनजे मामा, माहं ॲप..."

"त्यानं तं मले पह्यल्याच दिवशी पकडलं होतं बे," मामा खो खो हसत म्हणाले. "तूच त्याले खोटं पाडलं!"