बंद लाईन

मृत्युंजय लाईनमन होता. खांबावर करंट लागून गेला, आणि त्या वक्ती सबस्टेशनात ड्युटीवर त्याचाच थोरला भाऊ मल्लिनाथ होता. लाईन बंद करायचं हाच विसरला, असं सगळं गाव म्हणू लागलं. आईनं, बसम्मानं, तेव्हापासून थोरल्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

मृत्युंजयची बायको शिवकन्या उदगीरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एके सकाळी ती धीर करून सासूजवळ बसली.

"अव्वा, भाऊजींनी लाईन बंद केली होती, सबस्टेशनाच्या वहीत तशी नोंद हाय. पण शेजारून मोठ्या टॉवरच्या चालू तारा गेल्यात. त्यांच्या नुसत्या जवळ असण्यानं बंद तारेतबी वीज येते. तारेला तार लागावी लागत न्हाई."

"मग हे लाईनवाल्याला ठाऊक नसतंय व्हय?"

"असतंय. म्हणून हात लावायच्या आधी तार साखळीनं जमिनीला जोडतात. ती साखळी ह्यांच्या गाडीच्या डिक्कीतच राहिली."

बसम्मा ताडकन उठली. "म्हंजे माझं लेकरू सोत्ताच्या चुकीनं मेलं म्हन्तीस?"

अंगणात मल्लिनाथ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तिथूनच तो म्हणाला, "न्हाई अव्वा. तिला काय म्हाईत? मीच इसरलो बंद करायला."